टोपलीची जागा

चहाचा ट्रे घेऊन ताई दाराशी आली आणि तिथेच थबकली. कारण आत तिच्या भीतीवर चर्चा चालली होती, आणि आपल्याच भीतीवर चर्चा चालू असताना मध्येच चहा नेणं तिला बरं दिसेना.

"सोमवारी जातो आणि नाही म्हणून सांगतो," धाकटा भाऊ म्हणत होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे घरातलं साधं वाक्यही नकाशावर सरहद्द आखल्यासारखं बोलायचा. "विषय संपला."

"संपला कसा?" भावजय म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. कुठलीही बाटली शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवायची नाही, ही तिची सवय. "मुख्याध्यापक होण्यासाठी लोक टाचा झिजवतात. तुम्हाला ती तळ्याकाठच्या गावची शाळा स्वतःहून बोलावतेय. वर राहायला घर."

"घर बघितलंस ना? मागचं दार उघडलं की पायऱ्या, आणि पायऱ्या संपल्या की तळं. त्या घरात ताई एक दिवस तरी राहील का?"

"त्यांना विचारा तरी."

"विचारलं तर ती हो म्हणेल, तोच तर घोटाळा आहे. हो म्हणेल, आणि मग जन्मभर त्या पाण्याकडे पाठ करून, जीव मुठीत धरून भांडी घासेल. मी ओळखतो तिला. आईबाबा गेल्यावर तिनं मला वाढवलं. पहाटे उठून बेकरीत कणीक मळायची आणि घरी येऊन माझी भूगोलाची उजळणी घ्यायची. तिच्या जिवावर मला मुख्याध्यापक व्हायचं नाही."

मग भावजयीचा नाक ओढल्याचा आवाज आला. "मी काय त्यांच्या वाईटावर आहे का? परवासुद्धा त्यांच्यासाठी बादली अर्धीच भरली मी."

ट्रेमधले कप एकमेकांवर किणकिणले. ताईनं ट्रे तसाच स्वयंपाकघरात परत नेला, ओट्यावर ठेवला, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडली... आणि रडता रडता तिला थोडं हसूही आलं, कारण त्या घरात फक्त तिलाच ठाऊक असलेली एक गोष्ट होती. तिला पाण्याची भीती वाटत नव्हती. कधीच वाटली नव्हती.

ही तिच्या लहानपणची गोष्ट. वडील बसचे ड्रायव्हर. प्रवासी कमी झाले की त्यांना रजा मिळायची, आणि प्रवासी कमी व्हायचे ते कडाक्याच्या थंडीत. म्हणून घराची तळ्यावरची सहल दरवर्षी अशा हवेत निघायची, की शहाणी माणसं पांघरुणातून नाकसुद्धा बाहेर काढणार नाहीत. नाव लहान. 'चार माणसे' असं तिच्या कडेला पांढऱ्या रंगात लिहिलेलं. आजोबा, आई, वडील आणि ताई, असे चार जण. धाकटा आईच्या मांडीवर. तो हिशेबात नव्हता. पण एका वर्षी नाववाल्यानं त्याला नीट न्याहाळलं आणि म्हटलं, "हे लेकरू आता मांडीवरचं राहिलं नाही. कुणीतरी उतरा."

कुणीतरी उतरायचं म्हटल्यावर धाकट्यानं भोकाड पसरलं. आजोबा गुडघ्यावर हात टेकत म्हणायला लागले, "मी थांबतो काठावर, माझं काय..." आणि त्या गुडघ्यांकडे बघून अकरा वर्षांची ताई पटकन म्हणाली, "मलाच उतरायचंय. मला पाण्याची भीती वाटते."

एवढंच वाक्य. पण त्या घरातली माणसं फार प्रेमळ होती, आणि प्रेमळ माणसांच्या हाती असं वाक्य लागलं की ती त्याचं सोनं करतात. आईनं भिंतीवरचं जहाजाचं कॅलेंडर काढून तिथे डोंगराचं लावलं. वडील नळ बारीक सोडायला लागले. शेजारीपाजारी तिच्यासमोर विहिरीचा विषय काढेनासे झाले. पुढे भावजय आली ती ही सगळी पथ्यं शिकूनच आली, आणि भाचीला तर लहानपणापासून ताकीद होती, की गणितात बुडालीस तरी चालेल, पण आत्यापुढे 'बुडाले' म्हणायचं नाही.

मग तिनं खरं सांगितलं का नाही? सांगणार होती. पण पुढच्या थंडीच्या आत आजोबा गेले. नावेत जागा झाली. आई तिला कुशीत घेऊन म्हणाली, "आता जागा आहे गं, पण तुला बिचारीला भीती..." आणि ताईच्या ओठांवर आलेलं वाक्य विरून गेलं. आजोबा गेले आणि माझी भीतीही गेली, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? पुढे वडील गेले, मग आई गेली. त्या नावेत जागा रिकामी व्हायची ती प्रत्येक वेळी रडण्यानंच. आणि रडून मोकळ्या झालेल्या जागेवर झटकन जाऊन बसणं तिच्या अंतःकरणाला कधी जमलं नाही.

मध्यंतरी एक स्थळ आलं होतं. मुलगा बोटीवर इंजिनियर. बेकरीत पाव घ्यायला यायचा, पाव घेऊन झाला तरी सुटे पैसे शोधत उभा राहायचा, आणि ताई मुद्दाम दुसरीकडे बघायची. वडील तेव्हा होते. त्यांनी मध्यस्थाला अंगणातूनच परत पाठवलं. "बोटीवरचा माणूस नको. आमच्या पोरीला पाण्याचं भय आहे," असं सांगून ते घरात आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नकोस, टाळलं मी." त्या दिवशी ताईनं कणीक नेहमीपेक्षा जास्त वेळ मळली. गिऱ्हाइकांनी सांगितलं, आजचा पाव फार हलका झालाय.

आता घरात माणसं चारच होती: ताई, भाऊ, भावजय आणि भाची. नावेवर अजून 'चार माणसे' असंच लिहिलेलं होतं. पण सहलीला ताई काठावर बूट आणि शाली राखत बसायची, आणि चौथ्या जागेवर बसायची तिनं भाजलेल्या पावांची टोपली. ताईच्या लहानपणी नाव काठाकाठानंच फिरायची, पण ती टोपली आता दरवर्षी तळ्यातल्या बेटावर जाऊन यायची. ताईपेक्षा टोपलीनं जास्त जग पाहिलं होतं.

उद्या तीच सहल होती. ताईनं डोळे पुसले. नेहमीचा उपाय तिच्या जिभेवर तयारच होता: आत जायचं आणि म्हणायचं, मला बेकरी सोडवत नाही, तुम्ही तिघं जा, मी इथेच बरी. त्यागाचंही तपकिरीसारखं असतं; एकदा सवय लागली की हात आपोआप डबीकडे जातो. पण आज समोरून भाऊही आपला त्याग घेऊन निघाला होता. अरुंद दारात दोन सभ्य माणसं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभी राहिली, की दोघंही बाहेरच राहतात. यांतल्या एकानं तरी निमूट आत शिरायला हवं होतं.

ताईनं चहा पुन्हा गरम केला आणि आत नेला. भावानं कप घेताना तिच्याकडे पाहिलं नाही. तिनंही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर वाफेसारखं धुकं होतं. बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून ढग निघत होते. भाचीच्या तोंडातून जरा जास्त, कारण तिचं तोंड थांबत नसे. पंधरा वर्षांची ती पोर घरात टिटवी म्हणूनच ओळखली जायची. त्या वेळच्या नाववाल्याचा मुलगा, आता तोही म्हातारा, लाकडी धक्क्यावर उभा होता. बूट काढून नावेत बसायचं हा त्याच्या बापापासूनचा नियम. चिखलानं फळ्या खराब होतात.

भाऊ मधल्या फळीवर वल्ही घेऊन बसला. भावजय आणि टिटवी मागे बसल्या. नाववाल्यानं सवयीनं टोपली उचलून पुढच्या जागेवर ठेवली.

"टोपली उतरवा," ताई म्हणाली.

"का? पाव विसरलीस का?" भावानं विचारलं.

"पाव आहेत. ते टिटवीच्या मांडीवर दे. टोपली बुटांपाशी राहील." ताईनं स्वतःचे बूट काढले, ओळीत लावले. "ती माझी जागा आहे."

पाणी धक्क्याच्या लाकडावर चुबुक चुबुक आपटत होतं. भावाचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्याचे डोळे भरून आले.

"तू ऐकलंस काल," तो म्हणाला.

"ऐकलं."

"ताई, माझ्या नोकरीसाठी तू हे करायचं नाही. मी तुला करू देणार नाही. आयुष्यभर तू माझ्यासाठी झिजलीस, आता जीवसुद्धा..."

"अरे, मला भीती वाटत नाही."

"बघितलंस?" तो बायकोकडे वळला. "म्हटलं नव्हतं मी? ती असंच म्हणेल."

"ताई, नका हो," भावजय रडायला लागली. "मी बोलले त्याचा राग धरू नका."

"बाळ, मला खरंच भीती वाटत नाही. कधीच वाटत नव्हती."

"केवढं मन आहे या बाईचं," भाऊ नाववाल्याला म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवलं.

ताईनं एक निःश्वास सोडला. सत्य सांगून माणसाचा विश्वास बसत नाही हे तिनं ऐकलं होतं, पण सत्य सांगून माणूस इतका रडतो हे तिला नवीन होतं. ती गुपचूप नावेत उतरली आणि पुढच्या फळीवर बसली. फळी गार होती, आणि टोपलीच्या बुडाचा गोल ठसा तिच्यावर स्पष्ट उमटलेला होता.

नाव निघाली. निघाली म्हणजे स्वतःभोवती फिरायला लागली. भाऊ वल्हवायचा तेव्हा दरवर्षी असंच व्हायचं. त्याचं अर्धं लक्ष वल्ह्यांवर आणि पाऊण लक्ष मान वळवून ताईवर होतं. ताईनं हात पाण्यात घातला. बर्फासारखं पाणी बोटांतून मनगटात, मनगटातून थेट काळजात गेलं, आणि तिच्या सर्वांगावर शहारा आला.

"ती थरथरतेय," भाऊ म्हणाला. "ताई, घाबरू नकोस, मी आलो." आणि तिला धरण्यासाठी तो उठून उभा राहिला.

लहान नावेत उभं राहू नये हे नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण प्रेमात पडलेल्या आणि काळजीत पडलेल्या माणसाला काही माहीत नसतं. नाव एका कुशीवर कलली. भावजय किंचाळली. भाऊ धप्पकन नावेच्या तळाशी बसला आणि एक वल्हं खुंटीवरून निसटून पाण्यात गेलं. त्याच वेळी वारा सुटला आणि त्यानं वल्हं एकीकडे नेलं, नावेला दुसरीकडे.

"गेलं," भाऊ पुटपुटला. त्यानं दोन्ही हातांनी नावेच्या कडा गच्च धरल्या होत्या आणि डोळे मिटले होते. "टिटवे, आत्याला धर."

टिटवीनं आत्याकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "आत्या हसतेय."

"भीतीनं होतं तसं. माणूस भ्रमिष्ट होतो."

"कुणी हलू नका," ताई म्हणाली. आवाज शांत होता. भट्टी पेटलेली असताना नवशिक्या पोरांना सांगावं तसा. "बाळ, माझ्या जागेवर ये. उठू नकोस. रांगत ये. लहानपणी रांगायचास तसा."

तो रांगत आला. भूगोलाचा मास्तर, होऊ घातलेला मुख्याध्यापक. ताई त्याला ओलांडून, वाकून मधल्या फळीवर सरकली. उरलेलं वल्हं तिनं उचललं, गुडघे टेकले, आणि एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पाणी मागे सारायला सुरुवात केली. इतकी वर्षं कणीक तिंबलेले हात. त्यांना पाणी म्हणजे जरा सैल भिजवलेलं पीठ. नाव वळली, सरळ झाली, आणि वाहत्या वल्ह्यामागे निघाली. टिटवीनं कोपरापर्यंत बाही भिजवून ते पकडलं.

ताई फळीवर नीट बसली. पाय समोरच्या आडव्या लाकडाला टेकवले, दोन्ही वल्ही खुंट्यांत बसवली. आणि हात आपोआप चालायला लागले... ओढ, सोड. ओढ, सोड. ती नऊ वर्षांची होती तेव्हा वडिलांनी तिला पुढ्यात बसवून, तिच्या मुठींवर आपल्या मुठी ठेवून शिकवलं होतं. नंतर तिच्या भीतीच्या काळजीत ते हे पार विसरून गेले. "पुढे बघायचं ते बसमध्ये," ते म्हणाले होते. "नावेचं वेगळं असतं. इथे तोंड मागे करून पुढे जायचं."

म्हणून तिचं तोंड काठाकडे होतं. काठ मागे चालला होता. ज्या दगडावर बसून तिनं दरवर्षी हात हलवला तो दगड, बुटांची रांग, आणि बुटांची राखण करत बसलेली टोपली, सगळं लहान लहान होत गेलं. इतकं लहान, की तिला वाटलं, एवढ्याशा जागेत आपण इतकी वर्षं मावलो कशा? तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. भावजयीनं तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. भावानंही नव्हतं.

बेटावर पोचल्यावर कळलं, की बेट म्हणजे चार झुडपं, एक बाक आणि 'कचरा टाकू नये' अशी पाटी. ताईनं ते सगळं एखाद्या राजवाड्यासारखं फिरून पाहिलं. पाटी दोनदा वाचली.

"इतकी वर्षं हेच बघायला येत होतात?" तिनं विचारलं.

"हेच," टिटवी म्हणाली. "मी तर कितीदा म्हटलं, घरी बसू."

भाऊ बाकावर बसला होता. "आजोबांसाठी," तो अचानक म्हणाला. त्याला हळूहळू कळत होतं. भूगोलाच्या मास्तरला उशिरा दिसलेल्या भूमीसारखं. "नाही. माझ्यासाठी. मी रडलो होतो म्हणून."

"तू चार वर्षांचा होतास."

"आणि नंतर? नंतर का बोलली नाहीस?"

ताईनं पावाला लोणी लावलं. "नंतर जागा झाली ती माणसं जाऊन झाली रे. त्यांच्या जागेवर बसवेना."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "ताई... ते बोटीवरचे इंजिनियर. बाबांनी अंगणातूनच..."

"पाव खा," ताई म्हणाली. "गार होतोय."

तो पाव गारच होता. पण भावानं तो घेतला, एक घास खाल्ला, आणि मग पाव हातात तसाच धरून तो ओक्साबोक्शी रडला, ताईच्या खांद्यावर कपाळ टेकवून. "मी तुझी जागा घेतली गं," तो म्हणत होता, "आणि वर तिथे टोपली बसवली..." ताईनं त्याच्या केसांत बोटं फिरवली. तिच्या बोटांना लोणी लागलेलं होतं, ते त्याच्या केसांना लागलं. पण त्या क्षणी ते कुणी काढलं नाही.

"आता एक मी सांगतो," नाक पुसत तो म्हणाला. "मला ही नाव कधीच आवडली नाही. सहलीच्या आदल्या दिवसापासून माझ्या पोटात गोळा येतो."

"हो," भावजय म्हणाली. "यांना मी दरवर्षी गोळी देते. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून."

"मग यायचास कशाला?" ताईनं विचारलं.

"तू काठावरून एवढा हात हलवायचीस. मला वाटायचं, तुला आमची मजा बघायला आवडते. म्हणून मजा करायचो."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, मग भावजय, मग टिटवी, आणि शेवटी त्या केसाला लोणी लागलेल्या मास्तरालाही हसू आवरेना. चार झुडपांच्या त्या बेटावर इतकं हसू यापूर्वी कधी झालं नसावं. पाटीवर त्याला मनाई नव्हती.

"ते घर कुठलं?" हसू ओसरल्यावर ताईनं पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. धुकं विरलं होतं. पिवळसर भिंती, निळं दार, आणि दारापासून पाण्यात उतरलेल्या दगडी पायऱ्या.

"तेच," भाऊ म्हणाला.

"बसा नावेत."

ती वल्हवत निघाली ती थेट पायऱ्यांना नाव लागेपर्यंत थांबली नाही. उतरली, लोकरीचे मोजे काढले, आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर बसून दोन्ही पाय त्या गोठलेल्या पाण्यात सोडले. भाऊ "ताई, सर्दी" म्हणणार होता. भावजयीनं त्याचा हात दाबला.

"या गावात पाव कोण भाजतं?" ताईनं विचारलं.

"कुणीच नाही. पलीकडून येतो. येईपर्यंत शिळा होतो."

"मला इथे राहायचंय," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं 'मला' म्हटलं होतं आणि त्याच्यापुढे 'चालेल' आलं नव्हतं. "सोमवारी जा आणि हो म्हणून सांग. विषय संपला."

पुढच्या थंडीत त्या निळ्या दारामागे भट्टी पेटली. सकाळी धुक्यातून एक नाव निघते आणि तळ्याकाठच्या घरांना गरम पाव पोचवते. वल्ह्यांचा आवाज आला की बायका चहाचं आधण ठेवतात. सहलही झाली, ठरल्याप्रमाणे. भावजय बसली, टिटवी बसली, मधल्या फळीवर ताई बसली, आणि चौथी जागा भावासाठी मोकळी ठेवून तिनं टोपली आपल्या पायांशी ओढून घेतली.

"चल," ती म्हणाली.

मुख्याध्यापक पायरीवर उभे होते. त्यांनी तिघींचे बूट ओळीत लावले, शाल पांघरली, आणि ऐटीत बसून घेतलं.

"टोपलीला दे ती जागा," ते म्हणाले. "मला पाण्याची भीती वाटते."

त्या घरात हे वाक्य अनेकदा बोललं गेलं होतं. खरं मात्र पहिल्यांदाच. ताईनं टोपली उचलून चौथ्या जागेवर ठेवली, वल्ही खुंट्यांत बसवली, आणि नाव पाण्यावर घेतली. तोंड मागे करून पुढे जायचं असल्यामुळे पायरीवरचा भाऊ तिला शेवटपर्यंत दिसत होता. तो दोन्ही हात उंच करून, अगदी मनापासून, तिची मजा बघत हात हलवत होता.